एकाच क्रेडिटवर दुसरी पात्रता मिळवताना

जून उजाडला की गोव्यातल्या आमच्या कॉलेजच्या काउंटरवर हा प्रश्न येतोच. बीकॉमची दोन वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी गुणपत्रिका पुढे करतो आणि विचारतो, "सर, हीच क्रेडिट्स इग्नूच्या बीएला लावून मिळतील ना?" (क्रेडिट म्हणजे पेपर पास झाल्यावर मिळणारे, अभ्यासाच्या तासांवर ठरलेले माप; इग्नू हे दूरस्थ शिक्षण देणारे केंद्रीय मुक्त विद्यापीठ.) प्रश्न एक दिसतो, पण त्यात चार वेगवेगळे व्यवहार मिसळलेले असतात. कुणाला प्रमाणपत्रावरून पदवीकडे चढायचे असते. कुणाला एक संस्था सोडून दुसरीकडे जायचे असते. कुणाला दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायचे असतात, तर कुणाच्या हातात पदवी आलेली असते आणि दुसऱ्या पदवीत काही पेपर माफ करून हवे असतात. चौघांचे उत्तर वेगळे आहे आणि कागदही वेगळे लागतात. हे आधी न विचारता अर्ज भरायला घेतला तर तो हमखास परत येतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आता फॉर्म उघडण्याआधी पहिली पंधरा मिनिटे फक्त हेच विचारतो.

मूळ नियम थोडक्यात असा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम लागू केले. या एबीसी खात्यात संस्था क्रेडिट जमा करते आणि विद्यार्थी पुढे ते पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्रासाठी वापरतो. वापरलेले क्रेडिट खात्यातून कायमचे वजा होते. बँक हा शब्द इथे शोभेसाठी आलेला नाही. शंभराची नोट एका दुकानात दिली की तीच नोट शेजारच्या दुकानात चालत नाही, तसेच हे. म्हणून "दोन ठिकाणी लावता येईल का" याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. पण खर्च होण्याआधी ते हलवता येते, एकाच शिडीवर वरच्या पायरीसाठी धरता येते, आणि दुसरी संस्था तिच्या अधिकारात त्या अभ्यासाची दखल घेऊन पेपर माफ करू शकते. सगळे काम या तीन वाटांवर चालते.

शिडी आधी पाहू, कारण ती सर्वांत स्वच्छ आहे. डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यानुसार पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट्स झाली आणि उन्हाळ्यात ४ क्रेडिट्सचा कामाशी जोडलेला व्यावसायिक कोर्स केला, तर यूजी, म्हणजे पदवीपातळीचे, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. ८० क्रेडिट्स आणि तसाच ४ चा कोर्स झाला तर पदविका. १२० वर तीन वर्षांची पदवी आणि १६० वर चार वर्षांची ऑनर्स पदवी. इथे पहिल्या वर्षाची तीच ४० क्रेडिट्स चारही पायऱ्यांमध्ये मोजली जातात, त्यामुळे एकाच क्रेडिटवर अनेक पात्रता हे स्वप्न जिथे खरे होते ती जागा हीच. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची, ही अट आहे.

अडते ते उन्हाळ्याच्या ४ क्रेडिट्सपाशी. पहिले वर्ष उत्तम गुणांनी पास झालेली मुलगी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र मागायला येते, आणि तेव्हा कळते की तिच्याकडे ४० आहेत, ४४ नाहीत. मे-जून हातातून गेलेला असतो. म्हणून दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा सुरू होण्याआधीच विचारून ठेवा: यंदा मध्येच थांबण्याची थोडीही शक्यता आहे का? असेल तर उन्हाळी कोर्सला नाव द्या. पुढे शिकायचे ठरले तरी त्या दोन महिन्यांतला अनुभव कुठे जात नाही. परत आल्यावर ही ४ क्रेडिट्स इंटर्नशिपच्या रकान्यात धरणार का, एवढे मात्र लेखी विचारून घ्या. परत येताना संस्था आधीचे प्रमाणपत्र जमा करायला सांगू शकते. त्यात अन्याय नाही, कारण तीच क्रेडिट्स आता वरच्या पायरीत मोजली जाणार असतात. पण नोकरीच्या ठिकाणी ते प्रमाणपत्र दाखवलेले असेल तर त्याची साक्षांकित प्रत आधी काढून ठेवायला विसरू नका.

आता खात्याविषयी सविस्तर, कारण निम्मे अर्ज इथेच रखडतात. डिजिलॉकरमध्ये आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन लॉगिन करायचे, अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सखाली अपार (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) किंवा एबीसी कार्ड शोधायचे, प्रवेशाचे वर्ष, संस्था आणि नोंदणी क्रमांक भरायचा. बारा आकडी क्रमांक मिळतो. हे दहा मिनिटांचे काम. पुढची पायरी विद्यार्थ्याच्या हातात नसते: क्रेडिट जमा करते ती संस्था. विद्यार्थ्याने स्वतः गुणपत्रिका अपलोड करून क्रेडिट मिळत नाही, बँक थेट विद्यार्थ्याकडून कागद घेतच नाही. संस्था एका तक्त्यात नाव, जन्मतारीख, एबीसी क्रमांक, पेपरचा कोड, क्रेडिट आणि ग्रेड भरून पाठवते. त्या तक्त्यातले नाव आधारवरच्या नावाशी जुळले नाही की ओळ नाकारली जाते.

गोव्यात हे नावाचे प्रकरण जास्तच त्रासदायक आहे. परब हे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिले जाते, त्यातला एक पोर्तुगीज काळातून आलेला. गावकर, नाईक, कामत, शेणवी यांचेही तसेच. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे, आधारवर तिसरे. त्यात दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांचे नाव कुठे आहे, कुठे नाही. कॉलेज नोंदणी करते दहावीच्या नावाने, डिजिलॉकर चालते आधारच्या नावाने. दोन्ही कागद खरे, विद्यार्थीही खरा, तरी क्रेडिट जमा होत नाही. सोपा मार्ग असा की दहावीचे प्रमाणपत्र पुरावा म्हणून देऊन आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचे, अक्षर न् अक्षर. दुरुस्तीनंतर डिजिलॉकरमध्ये नाव ताजे झाले का ते पाहायचे, मगच कॉलेजला कळवायचे. हे पहिल्याच सेमिस्टरमध्ये केले तर एक ओळ दुरुस्त करावी लागते. तिसऱ्या वर्षी केले तर पाच सेमिस्टरच्या सगळ्या ओळी पुन्हा पाठवाव्या लागतात, आणि परीक्षा विभागाला तेवढा वेळ निकालाच्या गर्दीत मिळत नाही.

आणखी एक चूक: दोन खाती. पहिल्या मोबाइल नंबरवर एकदा खाते उघडलेले असते, ते विसरून दुसऱ्या नंबरवर पुन्हा प्रयत्न होतो. काही क्रेडिट्स एका क्रमांकावर, काही दुसऱ्यावर. बदलीच्या अर्जात मग बेरीज जुळत नाही. दर सेमिस्टरनंतर महिनाभराने खाते उघडून आकडा पाहण्याची सवय लावा. गुणपत्रिकेवर २० आणि खात्यात १६ असेल तर बहुधा बॅकलॉगचा पेपर सुटल्यावर त्याची सुधारित नोंद गेलेली नसते. तेव्हाच सांगितले तर काम एका फोनवर होते.

खात्यातल्या क्रेडिटला आयुष्य आहे: जास्तीत जास्त सात वर्षे, किंवा त्या विषयासाठी ठरलेली त्याहून कमी मुदत. २०२३ मध्ये मिळवलेले क्रेडिट २०३० पर्यंत. संगणकासारख्या लवकर बदलणाऱ्या विषयात संस्था आधीच हात आखडते.

आता संस्था बदलून क्रेडिट हलवण्याकडे येऊ. यात महत्त्वाची मर्यादा अशी की जी संस्था पदवी देणार तिच्याकडे निदान ५० टक्के क्रेडिट्स मिळवलेली असावी लागतात. १२० च्या पदवीत ६०. म्हणजे कुणाकडे ८० क्रेडिट्स असली आणि तो दुसरीकडे गेला, तरी तिथे जास्तीत जास्त ६० चालतील. उरलेल्या २० ची किंमत शून्य होते असे नाही, पण त्या पदवीत ती मोजली जात नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर संस्था बदलणाऱ्यांना हे सांगितले की चेहरा पडतो. त्यामुळे हलायचे असेल तर पहिल्या वर्षानंतर किंवा फार तर तिसऱ्या सेमिस्टरनंतर. चाळीस हलवली की ती ६० च्या आतच राहतात.

मर्यादेत बसले म्हणजे स्वीकारले गेले, असेही नव्हे. नवी संस्था प्रत्येक पेपर आपल्या पेपरशी ताडून पाहते. तिथे नाव सारखे असून भागत नाही. 'सूक्ष्म अर्थशास्त्र' हा पेपर दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ४ क्रेडिट्सचा, म्हणजे ६० तासिकांचा, आणि दुसरीकडे ३ चा. चारवरून तीनवर उतरायला अडचण नाही, तीनवरून चारवर चढता येत नाही, उरलेले १ क्रेडिट वेगळे मिळवावे लागते. प्रयोगाच्या विषयात आणखी गुंता आहे: व्याख्यानाचे १ क्रेडिट १५ तासांचे, प्रयोगशाळेचे ३० तासांचे. रसायनशास्त्राचा पेपर ३ अधिक १ असा असेल आणि गुणपत्रिकेवर फक्त ४ छापलेले असेल तर तपासणारा प्राध्यापक प्रयोगाचे १ अडवून धरतो. इग्नूकडून आलेल्या क्रेडिटचा हिशेब तर वेगळाच असतो. तिथे १ क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे एकूण ३० तास, त्यात वाचन, स्वाध्याय, समुपदेशन सगळे आले. पंधरा आणि तीस पाहून "आमचे अर्धेच आहे" असा गैरसमज दोन्ही बाजूंना होतो. पंधरा तास हे वर्गात बसण्याचे आहेत, घरच्या अभ्यासाचे त्यात धरलेले नाहीत, एवढे अर्जाबरोबरच्या तक्त्यात एका ओळीत लिहिले तर गैरसमज टळतो.

तो तक्ता आम्ही असा करून घेतो. कागद आडवा धरायचा. डाव्या बाजूला झालेला पेपर: कोड, नाव, क्रेडिट, व्याख्यान आणि प्रयोगाचे तास वेगळे, ग्रेड, सेमिस्टर. उजव्या बाजूला नव्या संस्थेतला जवळचा पेपर त्याच रकान्यांत. मधे घटकांची जुळणी: आपला घटक १ त्यांच्या घटक २ मध्ये येतो, वगैरे. शेवटच्या रकान्यात काय उरते ते प्रामाणिकपणे लिहायचे. उरलेले लपवले की समितीला ते सापडतेच, मग बाकीच्या पेपरांवरही शंका येते. याच्याबरोबर प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाची कॉलेजच्या शिक्क्याची प्रत, सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, ग्रेडची मोजपट्टी छापलेले पान, ना हरकत दाखला, मायग्रेशन (जुने विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणि एबीसी खात्याचे विवरण. अभ्यासक्रमाची प्रत त्याच वर्षाची हवी. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३-२४ पासून नवा आराखडा आला, त्यामुळे २०२२ च्या विद्यार्थ्याने संकेतस्थळावरचा आजचा अभ्यासक्रम जोडला तर कोडच जुळत नाहीत. जुना अभ्यासक्रम विभागाच्या फाइलमधून काढून शिक्का मारून घ्यावा लागतो.

मायग्रेशनपाशी घाई नको. जुने कॉलेज सोडल्याचे कागद आधी घेतले आणि नव्याने ४० पैकी २४ च मान्य केली, तर विद्यार्थी दोन्हीकडून लोंबकळतो. आधी तात्पुरती समकक्षता लेखी मिळवा, कोणते पेपर, किती क्रेडिट्स, कोणत्या सेमिस्टरला प्रवेश. मग मायग्रेशन. आणि प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याचा अर्ज या काळात मुळीच करू नका. क्रेडिट्स एकदा तिकडे वजा झाली की दुसऱ्या संस्थेकडे हलवायला काही शिल्लक राहत नाही. हा क्रम उलटा झाल्याने नुकसान झालेली मुले पाहिली आहेत, आणि त्यांना मागे आणता येत नाही.

ग्रेडचे काय होते, हे फार कमी जण विचारतात. हलवलेले क्रेडिट ग्रेडसह येते की नुसते 'मान्य' म्हणून, यावर अंतिम सीजीपीए, म्हणजे सगळ्या पेपरांच्या गुणांकांची सरासरी, ठरतो. समजा २० क्रेडिट्स ८ गुणांकाने आणि २० क्रेडिट्स ६ ने मिळाली. दोन्ही मोजली तर सरासरी ७. पहिली २० ग्रेडशिवाय आली तर हिशेब दुसऱ्या वीसवरच होतो आणि सरासरी ६ राहते. एमए-एमकॉमच्या प्रवेश यादीत हा एक गुणांक फार लांबचा आहे. अर्जातच विचारा: ग्रेड कायम राहणार का, आणि मोजपट्टी वेगळी असेल तर रूपांतर कशाने करणार?

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरच्या कोर्सने अनेकांची सोय होते. २०२१ च्या विनियमांनुसार संस्था एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेऊ देऊ शकते. त्यावरच्या एनपीटेल या आयआयटींच्या उपक्रमाचा ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिटचा, ८ चा २, १२ चा ३. कोर्स फुकट, परीक्षेचे शुल्क वेगळे. एनपीटेलमध्ये स्वाध्यायाचे २५ आणि प्रत्यक्ष केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ गुण असतात. दोन्हीत वेगवेगळे ४० टक्के लागतात, म्हणजे २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. परीक्षेत ७० मिळवूनही स्वाध्याय वेळेवर न दिल्याने प्रमाणपत्र हुकते. जुलै सत्राचे स्वाध्याय नेमके चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात येतात. गावी जाण्याआधी ते भरून टाका, काणकोण-सांग्याच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

नोंदणीआधी कॉलेजची लेखी परवानगी घ्या. कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र आणून "हे लावा" म्हटले तर विभागाकडे त्या कोर्सशी जुळणारा रिकामा रकानाच नसतो. परवानगीपत्रात कोर्सचे नाव, आठवडे, क्रेडिट आणि तो मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), कौशल्य की बहुविद्याशाखीय यांपैकी कशात धरणार ते लिहून घ्या. निकालाच्या तारखाही पाहा: स्वयमचा निकाल विद्यापीठाच्या गुणपत्रिकेनंतर आला तर ते सेमिस्टर अपूर्ण दिसते. म्हणून शेवटच्या सेमिस्टरला स्वयमवर अवलंबून राहू नये. दोन अभ्यासक्रम एकाच वेळी चालू असतील तर स्वयमचे तेच प्रमाणपत्र दोन्हीकडे देण्याचा मोह होतो. प्रमाणपत्राची छपाई कितीही करता येते, क्रेडिट मात्र एकाच संस्थेत लागते.

दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची मुभा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दिली. दोन्ही पूर्णवेळ प्रत्यक्ष असतील तर तासिका एकमेकांवर येऊ नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालेल, दोन्ही दूरस्थही चालतील. पीएचडी यात नाही. गोव्यात सकाळी कॉलेज आणि बाजूने इग्नू ही जोडी सर्वाधिक दिसते. पण दोन अभ्यासक्रमांची परवानगी म्हणजे क्रेडिटची भागीदारी नव्हे, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दोन्हीकडची क्रेडिट्स दोन्हीकडे पूर्ण मिळवायची आहेत. परीक्षांच्या तारखा एकमेकांवर आल्या तर कुणीही पुढे ढकलत नाही, म्हणून दोन्ही वेळापत्रके हाती आल्याशिवाय परीक्षा अर्ज भरू नका.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जरा जपून. पाच वर्षांच्या बीए एलएलबीत तीन वर्षांनी नुसती बीए घेऊन बाहेर पडता येत नाही आणि पदवीच्या जोरावर मधल्या वर्षात शिरताही येत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत दोन्हीला स्पष्ट मनाई आहे. कायद्याबरोबर दुसरी नियमित पदवीही त्या नियमांत बसत नाही, दूरस्थ शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला मात्र सूट आहे.

तंत्रशिक्षणात हीच गोष्ट जुन्या नावाने कधीपासून चालत आली आहे. पणजी, मयें किंवा कुडचड्याच्या पॉलिटेक्निकमधून तीन वर्षांची पदविका केली की फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. प्रवेशाचे काम पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. इथे पदविका हातात राहते आणि पदवीचे पहिले वर्षही वाचते. एकाच अभ्यासावर दोन पात्रता हव्या असणाऱ्या दहावीच्या मुलाला आम्ही आधी ही वाट दाखवतो. गणिताची तयारी मात्र सुट्टीतच करून घ्यावी, कारण पहिल्या वर्षाचे गणित वाचते आणि तिसऱ्या सेमिस्टरचे त्याच्यावरच उभे असते.

एकाच पदवीत दोन मेजर हवे असतील तर दुसऱ्या विषयात निदान ४० टक्के क्रेडिट्स लागतात: १२० मध्ये ४८, १६० मध्ये ६४. एक पेपर दोन्ही मेजरमध्ये धरला जाईल अशी आशा ठेवू नका. तो एकाच शीर्षाखाली जातो, म्हणून तिसऱ्या सेमिस्टरलाच बेरीज मांडून ठेवा. परदेशी विद्यापीठाबरोबरच्या दुहेरी पदवीत मात्र २०२२ च्या विनियमांप्रमाणे दोन्ही संस्था एकाच विषयातल्या, एकाच पातळीच्या अभ्यासावर स्वतंत्र पदव्या देतात. निदान ३० टक्के क्रेडिट्स भारतीय संस्थेत मिळवावी लागतात. मात्र आपल्या कॉलेजचा तसा करार आहे का, हे शुल्क भरण्याआधी कराराची प्रत पाहूनच ठरवा.

राहिला तो पूर्ण पदवी हातात असलेला. त्याची क्रेडिट्स वजा झालेली आहेत, म्हणून त्याने अर्जात 'क्रेडिट हस्तांतर' हा शब्द न वापरता 'पेपरमधून सूट' मागावी. ती देणे न देणे नव्या संस्थेच्या नियमांवर असते. बहुधा भाषा, पर्यावरण, संगणक असे सर्वसाधारण पेपर आधी सुटतात, मेजरचे क्वचित. सूट मिळाली तरी एक प्रश्न उरतो: तेवढी क्रेडिट्स दुसऱ्या पेपरने भरायची की एकूण बेरजेतून कमी होणार? भरायची असतील तर वेळ वाचत नाही, फक्त विषय निवडता येतो. याचे लेखी उत्तर प्रवेश शुल्काच्या शेवटच्या तारखेआधी मिळाले पाहिजे. तोंडी होकारावर पैसे भरलेल्यांच्या हातात नंतर दाखवायला काहीच नसते, आणि काउंटरवरची माणसेही तोवर बदललेली असतात.